बसवलेलं हाड प्लॅस्टरमध्ये सरकतं कसं, आणि ते आधी कळतं का?

'प्लॅस्टरमध्येच हाड सरकलंय,' असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला संशय डॉक्टरांवर जातो आणि दुसरा पेशंटवर. एक जण म्हणतो, मुळातच नीट बसवलं नव्हतं. दुसरा म्हणतो, हिनंच गुपचूप बादली उचलली असणार. आठ दिवसांपूर्वीच्या एक्स-रेत हाड रेषेत दिसतंय, आजच्यात ते मागे कललंय. मधल्या काळात हात गळ्यात अडकवलेला होता. पुन्हा पडणं नाही की आपटणं नाही. आणि आता समोरून विचारणा होते, प्लेट टाकायची का?

हा पेच अनेक घरांत येतो, कारण मनगटाजवळचं हाड मोडणं ही फार सर्रास घडणारी गोष्ट आहे. ओली मोरी, शेवाळलेलं अंगण, जिन्याची न दिसलेली शेवटची पायरी. पाय घसरला की माणूस विचार करायच्या आत तळहात पुढे टेकतो आणि अंगाचं सगळं वजन मनगटावर येतं. पन्नाशी उलटलेल्या बायकांना हे फ्रॅक्चर विशेष गाठतं.

वरचे दोन्ही संशय बहुतेक वेळा निराधार असतात. हाड सरकणार की जागेवर राहणार, याचा बराचसा निकाल पडण्याच्या क्षणीच लागलेला असतो. तो निकाल पहिल्या दिवशीच्या एक्स-रेवरून वाचता येतो का, हा एक प्रश्न. वाचता आला तर त्यावरून ऑपरेशन ठरवावं का, हा दुसरा. लोकच काय, कधी कधी डॉक्टरही या दोन प्रश्नांची गल्लत करतात.

मोडतं ते नेमकं काय

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूचं अल्ना. मनगटाचा सांधा मुख्यतः रेडियसच्या रुंद टोकावर बसलेला असतो आणि हातावर येणाऱ्या भारातला साधारण ८० टक्के भार तेच हाड पेलतं. मोडतंही बहुधा तेच, सांध्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर.

डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या दुखापतीचं नेमकं वर्णन केलं, म्हणून आजही तिला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. म्हणजे कॉलिस यांनी हे सगळं नुसतं बघून आणि हातानं चाचपून ओळखलं होतं. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: मनगटाचा बाक आयुष्यभर राहतो, पण कालांतरानं हात मोकळा हलू लागतो आणि दुखायचा थांबतो. हे विधान दोनशे वर्षं वादात आहे आणि पुढे आपल्याला लागणार आहे.

मनगटाचा बाजूनं एक्स-रे काढला तर निरोगी रेडियसचं टोक तळहाताच्या दिशेला ११-१२ अंश झुकलेलं दिसतं. तळहातावर पडल्यावर ते उलटं, हाताच्या पाठीकडे कलतं. रिपोर्टात '२० अंश मागे' असं लिहिलेलं असेल तर हाड आपल्या मूळ जागेपासून तीस अंशांहून जास्त फिरलेलं असतं. शिवाय ते दबून आखूडही होतं, ते मोजतात मिलिमीटरमध्ये.

(क्वचित हाड उलट्या दिशेला, म्हणजे तळहाताकडे सरकतं. अशी फ्रॅक्चरं प्लॅस्टरमध्ये सहसा टिकत नाहीत, हे आधीपासूनच माहीत आहे, त्यामुळे तिथे अंदाज बांधायची वेळ फारशी येत नाही. पुढचं सगळं पाठीकडे कललेल्या हाडाबद्दल.)

वरून रेषेत, आत पोकळी

नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या. त्याला वरून जाड कागद चिकटवलेला आहे असं समजा. कडेला अंगठा जोरात दाबला की कागद चुरगळतो आणि खालचे मणी दबून खळगा पडतो. कागद ओढून पुन्हा सपाट करता येईल, पण दबलेले मणी फुगून वर येणार नाहीत. कागदाखाली पोकळी राहील आणि जरा भार आला की कागद पुन्हा खाली बसेल.

रेडियसचं टोक असंच असतं. वर पातळ, टणक कवच आणि आत जाळीदार हाड. तळहातावर पडताना तळहाताकडचं कवच ताणलं जाऊन तुटतं आणि पाठीकडचं दबून चुरतं. डॉक्टर हात ओढून हाड बसवतात तेव्हा कवच रेषेत येतं आणि एक्स-रेत आकार छान दिसतो. पाठीकडची चुरलेली बाजू मात्र आतून पोकळ असते. तिथे हाडाला हाडाचा टेकूच नसतो.

आता वयाचा मुद्दा आपोआप उलगडतो. तिशीतल्या माणसाच्या हाडाची जाळी दाट असते, दबली तरी थोडी. सत्तरीतल्या आजींची जाळी विरळ झालेली असते, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत. त्यांच्या हाडात त्याच धक्क्यानं मोठी पोकळी तयार होते. या पोकळीमुळे जे फ्रॅक्चर बसवल्यानंतरही आपल्या जागेवर राहत नाही, त्याला डॉक्टर 'अस्थिर' म्हणतात. बाकीची 'स्थिर'. या लेखात एवढी दोनच नावं लक्षात ठेवायची.

प्लॅस्टर केलंय ना, मग सरकेल कसं?

कारण प्लॅस्टर हाडाला धरत नाही, कातडीला धरतं. प्लॅस्टर आणि हाड यांच्यामध्ये कापूस, कातडी, चरबी, स्नायू आणि सूज एवढं सगळं असतं. डच लष्करी सर्जन आंतोनियस माथायसन यांनी १८५१ च्या सुमारास प्लॅस्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्या वापरात आणल्या. पट्टी पाण्यात बुडवायची, गुंडाळायची, घट्ट होऊ द्यायची. आज फायबरचं प्लॅस्टर आलं, वजन घटलं, पण तत्त्व तेच आहे.

बाहेरून दाब देऊन आतलं हाड धरायचं तर तो दाब तीन ठिकाणी असावा लागतो. मोडलेल्या टोकावर पाठीकडून एक, फ्रॅक्चरच्या जरा वर तळहाताच्या बाजूनं दुसरा आणि कोपराकडे पुन्हा पाठीकडून तिसरा. प्लॅस्टर ओलं असताना, ते हाताला गरम लागू लागतं त्या दोन-चार मिनिटांत डॉक्टर तळहातानं हे दाब देऊन धरून ठेवतात. बोटांनी दाबलं तर आत खड्डे पडून कातडीला जखमा होतात, म्हणून तळहात. असं केलेलं प्लॅस्टर बाजूनं पाहिलं तर नळीसारखं सरळ दिसत नाही, थोडं वाकडं दिसतं. नातेवाइकांना ते ओबडधोबड वाटतं आणि गुळगुळीत, सरळ प्लॅस्टरचं कौतुक होतं. हाडाच्या डॉक्टरांमध्ये मात्र जुनं शिकवणं आहे की हाड सरळ जुळायचं तर प्लॅस्टर वाकडं हवं.

हे नीट जमलं तरी दोन अडचणी उरतात. पहिली, सूज. पडल्यानंतर हात सुजतो, म्हणून पहिल्या दिवशी बहुधा अर्धं, म्हणजे 'कच्चं' प्लॅस्टर करतात. आठवड्याभरात सूज उतरते आणि कालपर्यंत घट्ट असलेलं प्लॅस्टर ढिलं पडतं. दुसरी अडचण स्नायूंची. मनगट ओलांडून बोटांकडे जाणाऱ्या सगळ्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आपल्या नेहमीच्या ताणानं हाडाचं टोक कोपराच्या दिशेला खेचत असतात. शिवाय रेडियसच्या अगदी टोकाला चिकटलेला एक स्नायू दंडाच्या हाडावरून सुरू होतो, तोही ओढत राहतो. झोपेतसुद्धा हा ताण पूर्ण सुटत नाही. आत टेकू असेल तर हाड हे ओढणं सहन करतं, पोकळी असेल तर दिवसाला थोडं थोडं खचत जातं.

तेव्हा बादली उचलली नसली तरी सरकायचं ते सरकतं. आणि हो, बोटं हलवल्यानं हाड सरकेल या भीतीनं बोटं आखडून बसणं ही मोठी चूक आहे. बोटं पहिल्या दिवसापासून पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची. अस्थिर हाड त्यामुळे अस्थिर होत नाही, आणि न हलवलेली बोटं जी ताठरतात ती पुढे महिनोन् महिने छळतात.

पाच खुणांची यादी

अस्थिर फ्रॅक्चर आधीच ओळखायचा सर्वात गाजलेला प्रयत्न १९८९ मधला, बेल्जियमच्या लाफोंतेन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी पाच खुणा सांगितल्या. पेशंटचं वय साठीच्या वर, हाड २० अंशांहून जास्त मागे कललेलं, पाठीकडची बाजू चुरलेली, तडा सांध्यात गेलेला आणि शेजारचं अल्नाही मोडलेलं. यातल्या तीन किंवा जास्त खुणा असतील तर बसवलेलं हाड सरकण्याची भीती जास्त. ही यादी लक्षात ठेवायला सोपी आहे, एक्स-रे खिडकीसमोर धरून मोजता येते, त्यामुळे जगभरच्या रेसिडेंट डॉक्टरांना ती तोंडपाठ असते.

मग एडिनबरोच्या डॉक्टरांनी तिचा विषय फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. साडेपाच वर्षांत आलेल्या जवळपास चार हजार मनगटांची नोंद ठेवून त्यांनी २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सातत्यानं उपयोगी पडणाऱ्या खुणा तीनच निघाल्या: वय, हाडाचा चुरा आणि अल्नाच्या तुलनेत रेडियस किती आखूड झालंय ते. पुढे २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वय, पाठीकडचा चुरा आणि पेशंट स्त्री असणं या गोष्टींनी धोका वाढलेला दिसला. अल्ना मोडल्यानं तो वाढलेला दिसला नाही.

आधीच्या थर्माकोलकडे पाहिलं तर हे निकाल अगदी समजण्यासारखे आहेत. वय, स्त्री असणं, चुरा, आखूड होणं ही सगळी एकाच गोष्टीची वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली मापं आहेत: आतली पोकळी किती मोठी. किती अंश कललं हे डोळ्यांत भरतं, पण पोकळी त्यावरून थेट कळत नाही.

मग याद्या एकमेकींशी जुळत का नाहीत?

एक कारण साधं आहे. 'सरकलं' कशाला म्हणायचं, हे प्रत्येक अभ्यास आपापलं ठरवतो. कुणी पाच अंशांना सरकणं म्हणतं, कुणी दहा अंशांना, कुणी मिलिमीटर मोजतं. दुसरं कारण, खुणा एकट्या येत नाहीत. पंच्याहत्तरीच्या आजींचं हाड विरळ म्हणून चुराही जास्त, कलही जास्त, शेजारचं अल्नाही बऱ्याचदा तुटलेलं. पाच खुणा मोजल्या असं आपल्याला वाटतं, पण एकच खूण पाच वेळा मोजलेली असू शकते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'पाठीकडची बाजू चुरलेली आहे का' या प्रश्नावर एकाच एक्स-रेकडे बघून दोन अनुभवी डॉक्टरांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. कोन मोजतानाही एक्स-रे काढताना हात जरासा फिरलेला असेल तर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. मोजमापच डगमगत असेल तर त्यावर उभा केलेला अंदाज किती ताठ उभा राहणार?

आणि हे सगळे अंदाज गटाचे असतात. तीन खुणा असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं हाड सरकतं, एवढं यादी सांगते. समोर बसलेल्या बाईंचं सरकेल की नाही, हे ती सांगत नाही. त्यामुळे 'शंभर टक्के सरकणारच आहे, आजच प्लेट टाकून घ्या' असं कुणी ठासून सांगत असेल तर ती खात्री यादीतून आलेली नाही.

धोका आहे तर पहिल्याच दिवशी तारा किंवा प्लेट का नको?

या प्रश्नाचं चांगलं उत्तर ब्रिटनमधून आलं. तिथल्या ३६ सरकारी रुग्णालयांत हाड मागे कललेल्या आणि भूल देऊन बसवाव्या लागलेल्या ५०० पेशंटांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात बसवल्यावर फक्त नीट दाब दिलेलं प्लॅस्टर, दुसऱ्यात कातडीतून बारीक तारा टाकून वर प्लॅस्टर. २०२२ मध्ये निकाल जाहीर झाला. वर्षभरानंतर मनगट किती दुखतं, रोजची कामं किती जमतात, हे पेशंटांनाच विचारलं तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे. फक्त प्लॅस्टर केलेल्या २५५ जणांपैकी ३३ जणांचं, म्हणजे साधारण १३ टक्के लोकांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत इतकं सरकलं की ऑपरेशन करावं लागलं. तारा टाकलेल्यांत अशी वेळ एकावरच आली. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. ऑपरेशनच्या बाजूचा म्हणेल, आठातल्या एकाला दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली. प्लॅस्टरच्या बाजूचा म्हणेल, आठातल्या सात जणांच्या हातात तारा टाकायची गरजच नव्हती, आणि ज्या एकाला लागल्या त्याचं ऑपरेशन नंतरही करता आलं. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, एका अटीवर: सरकलेलं हाड वेळेत पकडलं गेलं पाहिजे. पेशंट तपासणीला परत येणारच नसेल, एक्स-रेचं मशीन तालुक्याच्या गावी आणि एसटी दिवसातून दोनदा असेल, तर हिशेब बदलतो. ब्रिटनमधला निकाल उचलून गडचिरोलीच्या आडगावात तसाच लावता येत नाही.

ज्यांच्या सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे नुसतं ओढून जुळवताच येत नव्हते, अशा पेशंटांना या अभ्यासात घेतलं नव्हतं, हेही ध्यानात ठेवायला हवं. सांध्यात तुकडे वर-खाली राहून पायरी पडलेलं तरुण माणसाचं फ्रॅक्चर हा वेगळा मामला आहे.

हात वाकडा जुळला तर?

आता कॉलिस यांच्या जुन्या विधानाकडे येऊ.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये ६५ वर्षांवरच्या पेशंटांची अशीच तुलना झाली, एका गटाला प्लेट, एका गटाला प्लॅस्टर. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात प्लेटवाल्यांचे एक्स-रे अर्थातच सुरेख होते, प्लॅस्टरवाल्यांचे वाकडे. वर्षाअखेर हात चालवण्यात मात्र मोठा फरक नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातही साठीपुढच्यांमध्ये असंच दिसलं. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनांची २०२० मधली मार्गदर्शिका तर स्पष्ट सांगते की ६५ च्या पुढच्या पेशंटांमध्ये ऑपरेशनमुळे, पेशंटच्या स्वतःच्या अनुभवानुसार, दूरचा फायदा होताना दिसत नाही.

तरुण हाताचं तसं नाही. तिथे बसवल्यानंतरही हाड ३ मिलिमीटरहून जास्त आखूड, १० अंशांहून जास्त मागे कललेलं किंवा सांध्यात २ मिलिमीटरहून मोठी पायरी राहिलेली असेल तर ऑपरेशनकडे कल असतो. मिलिमीटरची एवढी मातब्बरी कशाला, असं वाटेल. प्रयोगशाळेत मोजलेलं आहे: अल्ना रेडियसच्या मानानं अडीच मिलिमीटर लांब झालं की त्याच्यावरचा भार साधारण १८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत जातो. ज्या हाताला अजून तीस-चाळीस वर्षं पाने फिरवायचे, विटा उचलायच्या, दुचाकीचा क्लच दाबायचा, त्याच्या करंगळीकडच्या बाजूला ते रोज जाणवेल.

म्हणजे विचित्र अवस्था अशी की 'सरकणार' असा अंदाज ज्यांच्याबाबत सर्वात पक्का करता येतो, त्या ऐंशीच्या घरातल्या आजींना सरकण्याचं नुकसान सर्वात कमी. आणि ज्याचं नुकसान मोठं, त्या तिशीतल्या माणसाच्या बाबतीत यादीतली वयाची खूण गैरहजर. यादी एक्स-रेचं भविष्य सांगते. हाताचं भविष्य त्या हाताला काय काम आहे यावर ठरतं.

म्हणून वयाचा आकडा हा शेवटचा शब्द मानू नये. सत्तरीची एखादी बाई रोज वीस भाकऱ्या थापते, एकटी राहते, वॉकरवर सगळा भार मनगटांनी घेते. तिच्यासाठी निर्णय वेगळा होऊ शकतो. डॉक्टरांनी ते विचारलं नाही तर आपण सांगायचं: कोणता हात मोडलाय, उजवा की डावा, त्या हातानं दिवसभर काय करता, घरी कोण आहे, दिसण्यातला बाक खुपेल का. बाक दिसतो, त्याबद्दल कुणी खोटं आश्वासन देऊ नये. मनगटावर उंचवटा राहतो आणि करंगळीकडचं हाड टोचल्यासारखं वर दिसतं.

सरकलंच, तर पुन्हा ओढून बसवा ना

बसवता येतं, टिकवता येत नाही. ज्या पोकळीमुळे पहिल्यांदा सरकलं ती तिथेच असते, म्हणून वयस्कर माणसांत दुसऱ्यांदा ओढून पुन्हा नुसतं प्लॅस्टर करणं बहुतेक वेळा वाया जातं. दुसऱ्यांदा बसवायचंच असेल तर सोबत तारा किंवा प्लेट हवी, नाहीतर आहे त्या जागेवर जुळू द्यावं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांचा अपवाद आहे. त्यांची हाडं वाढीला लागलेली असतात आणि मनगटाजवळचा बराच बाक वर्षा-दोन वर्षांत आपोआप सरळ होतो. मुलाचा एक्स-रे पाहून मोठ्या माणसाचे नियम लावू नयेत.

हाडवैद्याकडे नेऊन बरा झालेला हात गावात प्रत्येकाला माहीत असतो. स्थिर फ्रॅक्चर कुणीही बांधलं तरी जुळतं, त्यात बांधणाऱ्याची परीक्षा होतच नाही. बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यावर बोटं काळीनिळी पडतात, तिथे मात्र हाडाचा प्रश्न मागे पडून हात वाचवायचा प्रश्न उभा राहतो.

अंदाजापेक्षा तारीख महत्त्वाची

सगळ्या याद्यांपेक्षा भरवशाची गोष्ट एकच आहे, ठरलेल्या दिवशी पुन्हा एक्स-रे. बहुतेक सरकणं पहिल्या दोन आठवड्यांत होतं. म्हणून एक एक्स-रे आठवड्याच्या आसपास आणि दुसरा दोन आठवड्यांनी काढायचा. तीन आठवडे उलटले की हाड चिकटायला लागतं आणि सोपं काम अवघड होतं. 'आता दुखत नाहीये, कशाला जायचं' हे चालत नाही, कारण हाड हळूहळू खचतं तेव्हा वेगळं दुखत नाही. पहिला एक्स-रे जपून ठेवायचा आणि सोबत न्यायचा. मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल, पण समोरचा आणि बाजूचा असे दोन्ही हवेत. कल दिसतो तो बाजूच्या एक्स-रेत.

पडल्यापडल्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या उतरवायच्या. साबण लावून निघत नसतील तर कापायच्या. सूज चढल्यावर सोन्याचा विचार करायला वेळ उरत नाही. प्लॅस्टर केल्यावर बोटं बधिर होणं, निळी पडणं, बोट हलकेच सरळ करतानाही असह्य कळ येणं, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. दुसरीकडे, प्लॅस्टरमध्ये हात डबीतल्यासारखा हलू लागला तर तेही सांगायचं, बदलून मिळतं.

आणखी एक खोडी या फ्रॅक्चरची आहे, ती कुठल्याच यादीत बसत नाही. हाड अजिबात न सरकलेल्या, साध्या तड्याच्या पेशंटमध्ये काही आठवड्यांनी अंगठा उचलणारी शीर हाडावर घासून अचानक तुटू शकते. हात टेबलावर पालथा ठेवून अंगठा छताकडे उचलून पाहा. इतर बोटं ठीक आणि अंगठाच वर येत नसेल तर व्यायाम कमी पडला असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

जो अंदाज खरोखर बांधता येतो

हाड सरकण्याचं भाकीत करण्यात इतकी डोकी लागली, त्या मानानं दुसऱ्या एका भाकिताकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. चालता चालता, उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीपुढच्या बाईचं मनगट मोडलं तर तिची हाडं विरळ झाली असण्याची दाट शक्यता असते. पुढे मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका तिला इतरांपेक्षा बराच जास्त असतो. मनगट वाकडं जुळलं तर भाकरी थोडी जाड होईल, खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला १९९९ च्या सुमारास यासाठी वेगळी व्यवस्थाच सुरू झाली: फ्रॅक्चर घेऊन आलेल्या प्रत्येक वयस्कर पेशंटच्या हाडांची तपासणी त्याच निमित्तानं करायची, त्यानं विचारायची वाट पाहायची नाही.

आपल्याकडे पाच-सहा आठवड्यांनी प्लॅस्टर कापलं की फाइल बंद होते. त्याच दिवशी डेक्सा तपासणीबद्दल विचारा. हाडांची घनता मोजणारा हा एक कमी किरणांचा एक्स-रेच असतो आणि सुई टोचावी लागत नाही. रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही बघून घ्यायला सांगा. हाडं विरळ निघाली तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही, हाडांची झीज थांबवणारी औषधं वेगळी असतात. त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही घ्यायचा नाही. आडवं झालं तर ती अन्ननलिकेला जाळते, आणि चहा-खाण्याबरोबर ती अंगात नीट शोषली जात नाही, म्हणून हे पथ्य. आजींना चहाबद्दलचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोळी डब्यातच राहते.